बरोबर ठरलेला माणूस

आज आमच्या नारीनच्या खोऱ्यात त्याला मार माहदाद म्हणतात, म्हणजे संत माहदाद. बायका त्याच्या थडग्यावर वाळवलेल्या दह्याचे गोळे ठेवतात आणि लेकरू बोलायला उशीर करत असेल तर तिथली चिमूटभर माती नेऊन त्याच्या जिभेला लावतात. हयात असताना मात्र त्याला कुणी मार म्हणत नव्हतं. तोंडावर 'कांदेवाला' म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते सांगण्यासारखं नाही.

तो मर्वचा. बाप दुसऱ्याच्या खरबुजांच्या वाडीवर राबायचा. माहदाद विसाव्या वर्षी मठात गेला, तिशीत पुरोहित झाला, आणि मग बिशपने तिघांना पूर्वेला धाडलं. तुर्कांच्या तळांवर जा, येशूची सुवार्ता सांगा, एवढंच सांगणं होतं. तिघांतला एक समरकंदला ताप येऊन माघारी वळला. दुसरा हनान. तो वरच्या खिंडीत श्वास लागून तीन दिवसांत गेला. माहदादने त्याच्यावर दगड रचले, त्याच्या झोळीतलं आपल्या झोळीत ओतलं आणि खिंड उतरला. खाली पोचला तेव्हा त्याच्याजवळ स्तोत्रांची एक पोथी होती, लाकडी क्रूस होता, कांद्याच्या आणि सलगमच्या बियांच्या पुरचुंड्या होत्या, आणि तुर्की भाषेतले चाळीसेक शब्द होते. त्यातले निम्मे घोड्यांविषयीचे.

तळाचा प्रमुख तोंगा बेग तेव्हा ऐन पंचविशीत होता. त्याने या वाळक्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय येतं तुला?"

"प्रार्थना येते."

"ती आम्हालाही येते. आणखी?"

"कांदे लावता येतात."

तोंगा पोट धरून हसला. "बरं आहे की! आमची जनावरं जमिनीवरचं खातात, तू जमिनीखालचं खा. म्हणजे भांडण नाही."

असा तो राहिला. नदीकाठच्या हिवाळी तळावर त्याला एक फाटकी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, राहुटी मिळाली, आणि तिच्यामागे त्याने दगड वेचून वाफे केले. लोक वाईट नव्हते. संध्याकाळी त्याच्या गोष्टी ऐकायला बसत. वादळाला गप्प करणाऱ्या येशूची गोष्ट तर पुन्हा पुन्हा सांगायला लावत. गोष्ट संपली की एखादा म्हातारा मान डोलवायचा. "छान आहे. तुझा देव चांगला आहे." माहदाद आशेने पुढे सरकायचा. "आमचाही चांगला आहे," म्हातारा म्हणायचा, आणि उठून मेंढ्या बघायला जायचा.

वसंतात बर्फ हटलं की सगळा तळ वरच्या कुरणांकडे निघायचा. दोन दिवस नुसता गोंधळ, कुत्री, धूळ, बायकांची आरडाओरड. तिसऱ्या दिवशी खोऱ्यात माहदाद आणि नदी. खिंड उतरताना तो पडला होता तेव्हापासून त्याचा कंबरेचा सांधा कामातून गेला होता, त्यामुळे घोड्यावर बसणं जमत नव्हतं, आणि कुरणांची वाट पायी चढण्याजोगी नव्हती. पाच महिने तो एकटा. पहिल्या वर्षी त्याला वाटलं, बरं झालं, प्रार्थनेला निवांतपणा मिळाला. तिसऱ्या वर्षी तो सलगमशी बोलायला लागला. पाचव्या वर्षी तेही बंद झालं.

मठात स्तोत्रं दोन बाजूंनी गातात. या भिंतीशी उभे असलेले एक ओळ म्हणतात, त्या भिंतीशी उभे असलेले पुढची. माहदाद मठात गेल्यापासून उजव्या भिंतीचा. इथे तो आपली ओळ म्हणायचा आणि मग थांबायचा, दुसऱ्या बाजूला लागेल तेवढा वेळ. दोन्ही ओळी आपणच म्हणाव्यात असं त्याच्या मनात बरेचदा आलं. पण तसं केलं तर पलीकडे कुणी नाही हे आपण कबूल केल्यासारखं होईल, अशी त्याला भीती वाटायची.

दहाव्या वसंतात तळ निघायच्या आदल्या दिवशी तोंगाच्या आत्याला, कुमुशला, घोडीने लाथ मारली. गुडघ्याखाली हाड मोडलं. कुमुश आत्या म्हणजे सत्तरीची, बोटभर उंचीची, आणि जीभ अशी की तोंगासारखा बेगही तिच्या राहुटीसमोरून जाताना पाय न वाजवता जायचा. तिला डोलीतून वर नेण्याची भाषा सुरू झाली तशी ती ओरडली, "मेंढरासारखी बांधून नेताय होय मला? ठेवा इथं कांदेवाल्यापाशी. पाच महिन्यांत एक तर पाय बरा होईल, नाही तर त्याचा देव ऐकून ऐकून मी मरेन."

पहिल्या आठवड्यात ती फक्त तक्रारी करत होती. कांद्याचा वास, राहुटीचं भोक, माहदादचा स्वयंपाक. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती बाहेर उन्हात पडून त्याचं गाणं ऐकत होती.

"ए, मध्येच गप्प का बसतोस? विसरतोस का?"

"नाही आत्या. ती ओळ पलीकडचे लोक म्हणतात."

तिने मान वळवून पलीकडे पाहिलं. तिथे नदी होती.

"कुठायत?"

"मर्वला."

"मर्व किती लांब?"

"चार महिने."

"मग त्यांचं उत्तर यायला चार महिने लागतील. तोवर दूध गरम कर."

पण दोन दिवसांनी तिनेच विचारलं की पलीकडची ओळ काय आहे. वेळ जात नाही म्हणून, दुसरं काही नाही, असं तिने तीनदा बजावलं. शब्दांचा अर्थ तिला कळत नव्हता आणि चाल ती आपल्या मनाची लावायची, मेंढ्या हाकताना म्हणतात तशी. माहदादची ओळ संपली की नदीकडून नव्हे, उजवीकडच्या नमद्यावरून एक खरखरीत आवाज यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा माहदाद पुढची ओळ विसरला. पोथी उघडावी लागली त्याला.

"तुझा देव तुला उत्तर देतो का रे?" एकदा सलगम सोलता सोलता तिने विचारलं.

 खोटं बोलणं सोपं होतं. ऐकणारी एकच म्हातारी होती.

"नाही. म्हणजे मला तरी ऐकू आलेलं नाही."

"दहा वर्षांत?"

"दहा वर्षांत."

"मग बोलतोस कशाला?"

"आत्या, तुमचे यजमान जाऊन किती वर्षं झाली?"

"अठरा."

"काल चूल विझली तेव्हा तुम्ही त्यांना शिव्या देत होतात. मी ऐकलं."

कुमुशने सुरी खाली ठेवली. "ती त्यांचीच चूक होती. चुलीचे दगड त्यांनी आणलेले." मग सुरी पुन्हा उचलून म्हणाली, "ते ऐकतात."

"तेच म्हणतोय मी."

"लई शहाणा आहेस," ती म्हणाली, पण त्या दिवशी तिने त्याच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नाही.

शरदात तळ खाली आला. कुमुश काठी टेकत आपल्या राहुटीत गेली, आणि माहदाद पुन्हा अर्धंच गायला लागला. तो हिवाळा नेहमीसारखा गेला, पुढचा उन्हाळाही. त्या उन्हाळ्यातलं एकटेपण मात्र आधीच्या नऊ उन्हाळ्यांपेक्षा जड होतं. आता त्याला ठाऊक झालं होतं की थांबलेल्या जागी काय असू शकतं.

त्या उन्हाळ्यानंतरच्या शरदात समरकंदकडच्या सोग्दी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर यज्दीन आला. मर्वचाच पुरोहित, पस्तिशीचा, काळीभोर दाढी, खणखणीत आवाज. माहदादने अकरा वर्षांत आपली बोली ऐकली नव्हती. यज्दीनने नुसतं "शांती असो, बंधू" म्हटलं आणि माहदाद त्याचा हात धरून उभाच राहिला. मठातला कोण गेला, कोण आहे, वाडीवरची खरबुजं अजून तितकी गोड आहेत का, सगळं विचारून झालं. मग यज्दीनने बिशपचं पत्र काढलं.

"बिशप विचारतात, बाप्तिस्मा किती जणांचा झाला?"

"एकही नाही."

"एकशे किती?"

"एकशे नाही. एकही नाही."

यज्दीनने पत्राची घडी केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती, आणि ती माहदादला जास्त लागली. "बंधू," तो म्हणाला, "अकरा वर्षं तू इथे केलंस तरी काय?"

माहदादने वाफ्यांकडे पाहिलं. दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

नेमकं त्याच दिवसांत पूर्वेकडच्या खोऱ्यांतून देवीच्या साथीच्या बातम्या येत होत्या. माणसांनाही येत होती, मेंढ्यांनाही. ज्यांच्या कपाळावर क्रूसाचं गोंदण आहे त्यांच्या कळपाला साथ शिवत नाही, असं कुणी तरी तोंगाला सांगितलं होतं. तो दोन्ही पुरोहितांसमोर येऊन बसला.

"सगळा तळ तुमच्या देवाचा होईल," तो म्हणाला. "नदीत उतरू, गोंदून घेऊ. फक्त एक शब्द द्या. यंदा मेंढ्या मरणार नाहीत."

 सगळा तळ. माहदादला मठाचा दरवाजा दिसला, बिशपचा चेहरा दिसला, दगडांखालचा हनानही दिसला. शब्दच तर द्यायचा होता. कदाचित मेंढ्या मरणारही नव्हत्या.

"मला तसा शब्द देता येणार नाही, बेग," तो म्हणाला. "मेंढ्या मरतात. माझ्या देवाचा तर मुलगा मेला."

"मग तुझा देव करतो काय?"

"आपण मरतो तेव्हा सोबत असतो."

"सोबतीला माझ्याकडे चारशे माणसं आहेत," तोंगा म्हणाला. "मला मेंढ्या हव्यात."

यज्दीन हसला आणि हात पुढे करून म्हणाला, "बेग, हा दमलाय. शब्द मी देतो."

बाहेर आल्यावर तो माहदादवर उसळला. "मासे जाळ्यात आलेत आणि तू जाळं फाडतोस? आधी आत तर येऊ दे त्यांना! समज मागून येते."

"आणि मेंढ्या मेल्या तर?"

"देवाला कमी लेखू नकोस."

"देवाला नाही. थंडीलाही कमी लेखत नाही मी. अकरा हिवाळे काढलेत इथे."

तीन दिवसांनी सकाळी तळ नदीत उतरला. पाणी असं की मुलं किंचाळत होती आणि मोठे दात आवळून हसत होते. काठावर काजळी आणि सुया घेऊन दोघे व्यापारी बसले होते. ओला झालेला माणूस त्यांच्यापुढे कपाळ करायचा. माहदाद बाजूला शेकोटीत लाकडं घालत होता, एवढं तरी आपण करावं म्हणून. यज्दीनने मोजलं: चारशे बारा. एक कुमुश आत्या तेवढी आली नाही. तोंगाने माणूस पाठवला तर म्हणाली, "माझ्याकडे दोन बकऱ्या आहेत, आणि त्या थंड पाण्यात बसल्याने मला दूध जास्त देणार नाहीत. जा."

चौथ्या दिवशी यज्दीन तांड्याबरोबर गेला. जाताना माहदादला मिठी मारून म्हणाला, "मी तुझं नावही घेईन बिशपपुढे." त्याला ते मनापासूनच म्हणायचं होतं.

साथ आली नाही. त्याऐवजी माघात दोन दिवस पाऊस पडला आणि तिसऱ्या दिवशी सगळं गोठलं. आमच्याकडे त्याला जूत म्हणतात. बर्फावर बोटभर जाडीचं काचेसारखं कवच चढतं, खाली गवत दिसत असतं आणि जनावराला ते फोडता येत नाही. मेंढ्या खुरं आपटतात, खुरांतून रक्त येतं, मग उभ्या राहतात, मग बसतात. बसलेली मेंढी उठत नाही. माणसं कुऱ्हाडींनी कवच फोडत होती, हात सोलून निघत होते. दहा दिवसांत निम्मा कळप गेला. विसाव्या दिवशी घोडे पडायला लागले.

माहदादने खड्ड्यातले सलगम आणि कांदे काढून राहुट्या-राहुट्यांतून वाटले, बियाण्याला ठेवलेलेसुद्धा. चारशे तोंडांना ते आठवडाभर पुरले. आठव्या दिवशी तोंगा त्याच्या दारात आला. डोळे लाल, मिशीला बर्फ, कपाळावर निळा क्रूस.

"शब्द दिला होता," तो म्हणाला. "तुमच्या माणसाने मला शब्द दिला होता."

आणि माहदादच्या तोंडून गेलं, "मी तर नाही म्हणालो होतो, बेग. तुम्ही ऐकलं नाहीत."

बोलताक्षणी त्याला कळलं.  तोंगाचा आवाज चढला नाही.

"हो. तू बरोबर होतास. माझी लेकरं भुकेनं रडतायत, आणि तू बरोबर ठरलास. राहा मग. बरोबर राहा. एकटाच राहा."

त्या दिवसापासून तळावर कुणी माहदादशी बोलेनासं झालं. हुकूम सुटला असं कुणी म्हणालं नाही, पण सुटला होता. त्याची राहुटी लोकांनी उचलून तळाच्या पार बाहेर, वाऱ्याच्या तोंडावर नेऊन ठेवली. तो आला की बोलणं थांबायचं. गोंदण पुसता येत नाही, म्हणून लोकांनी कपाळावर चरबी आणि राख थापली होती. पण काम करता करता घाम यायचा, राख ओघळायची, आणि खालून क्रूस दिसायचा. ज्या खुणेसाठी तो चार महिन्यांची वाट चालून आला होता ती आता जिकडे तिकडे होती, आणि तिच्या खालचे डोळे त्याला ओळख देत नव्हते.

एकट्याने राहायची त्याला सवय होती. उन्हाळ्यातलं एकटेपण म्हणजे माणसं नसणं. हे वेगळं होतं. इथे माणसं होती, चार हातांवर, त्यांचा खोकला ऐकू यायचा.

तरी तो रोज सकाळी जायचा. मेलेली जनावरं ओढायची असत, कातडी सोलायची असत. तो कुणाला न विचारता एका टोकाला हात लावायचा. कुणी त्याला हाकललं नाही, कुणी सुरी पुढे केली नाही. संध्याकाळी परत येऊन तो प्रार्थनेला उभा राहायचा आणि त्याला रोज तेच एक वाक्य ऐकू यायचं, देवाचं नव्हे, स्वतःचं: मी तर नाही म्हणालो होतो. किती गोड लागलं होतं ते तोंडात! हीच त्याला लाज होती. यज्दीन खोटं बोलला, पण लोकांवरच्या लोभाने बोलला. आपण खरं बोललो ते कशाने?

एका सकाळी त्याच्या राहुटीचं कातडं बाजूला झालं. तोंगाची बायको आल्तुन उभी होती. तिने तोंड उघडलं नाही. त्याची बाही धरली, ओढली, आणि कुमुश आत्याच्या राहुटीकडे बोट दाखवून चालू लागली.

कुमुश पांघरुणांच्या ढिगात होती. श्वास वाजत होता. डोळे मात्र तेच.

"तुझ्याशी बोलायचं नाही म्हणे कुणी," ती म्हणाली. "मी मरायला टेकलेय. मला बेगचे हुकूम लागू नाहीत. बस."

तो बसला.

"ऐकलं मी तू तोंगाला काय म्हणालास ते. खरं होतं. पण ज्याची मेंढी मेलीये त्याच्याशी आधी खरं बोलू नये रे. आधी सोलायला हात लावावा."

"चुकलो आत्या."

"लावलास म्हणे नंतर. आल्तुन सांगते." तिला खोकला आला, आल्तुनने तिला टेकवून धरलं. खोकला थांबायला बराच वेळ लागला. "आता माझं ऐक. तो दाढीवाला नदीवर बोलवत होता तेव्हा मी आले नाही. मेंढ्या राखायला देव ठेवायचा, म्हणजे मेंढपाळ ठेवल्यासारखंच झालं. काम नीट केलं नाही की हाकलला. तसंच झालं की नाही?"

"तसंच झालं."

"आता मेंढ्या गेल्या. घोडे गेले. माझ्या दोन्ही बकऱ्यासुद्धा गेल्या. मी तर निघालेच. आता तुझ्या देवाकडून मला काही मिळायचं नाही, आणि त्यालाही माझ्याकडून काही मिळायचं नाही. आता ओळख करून घ्यायला हरकत नाही. तू म्हणाला होतास ना, मरताना सोबत असतो म्हणून?"

 माहदादने मान हलवली.

"मग घाल पाणी. पण कोमट कर. आणि टोचायचं नाही हं कपाळाला."

त्याने भांड्यात बर्फ घेतलं, गोवऱ्यांवर ठेवलं.  बारा वर्षं त्याने या घटकेची वाट पाहिली होती, आणि त्याला वाटायचं की ती येईल तेव्हा काही तरी कळेल, आत काही तरी उजळेल. तसं काही झालं नाही. भांड्याचा कान तापला होता आणि त्याची बोटं भाजली, एवढंच त्याला जाणवलं. तो सवयीने स्तोत्र सुरू करणार, तोच कुमुश म्हणाली, "आज गाणं नको. मला दम नाही. पाणी घाल."

"नाव बदलायचं का, आत्या? नवं नाव घेता येतं."

"कशाला? सत्तर वर्षांचं नाव आहे. ओळखायचं असेल तर त्याच नावाने ओळखेल."

त्याने तिच्या पांढऱ्या केसांवर तीनदा पाणी घातलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, आणि आल्तुनने न सांगता ते आपल्या बाहीने टिपलं. कुमुशने डोळे मिटले. "कोमट नाही, गरमच आहे," ती पुटपुटली. दोन दिवसांनी सकाळी ती गेली.

जमीन दगडासारखी होती. माहदाद कुदळ घेऊन वरच्या उंचवट्यावर गेला आणि घाव घालायला लागला. प्रत्येक घावाला नखाएवढा तुकडा निघत होता. दिवस वर आला तेव्हा त्याच्यामागे पावलं वाजली. तोंगा होता. पाठीवर गोवऱ्यांचं पोतं, हातात कुऱ्हाड.  त्याने त्या जागेवर गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, आणि दोघे जाळाच्या दोन बाजूंना उभे राहिले. जमीन नरमली की खणायचे, पुन्हा कठीण लागली की पुन्हा जाळ. दुपार उलटली.

"डोकं कुठल्या बाजूला?" तोंगाने विचारलं.

माहदादला आधी कळलंच नाही की हे आपल्याला विचारलंय.

"पश्चिमेला. म्हणजे उठल्यावर तोंड पूर्वेकडे येतं."

"उठणार आहे ती?"

"हो."

तोंगाने दोन-चार घाव घातले. "उठल्यावर पहिल्यांदा मलाच शिव्या देईल," तो म्हणाला. त्याच्या कपाळावरची राख घामाने वाहून गेली होती.

"बेग, त्या दिवशी मी जे बोललो—"

"पुरे." तोंगाने कुऱ्हाड टेकवली. "तुझी राहुटी वाऱ्यात आहे. उद्या आत आण."

राहुटी आत आणायला दोन दिवस लागले, कारण नमदा गोठून फळीसारखा झाला होता. ती लावून माहदादने चूल पेटवली न पेटवली तोच बाहेर आल्तुनचा आवाज चढला. "ए कांदेवाल्या! अख्खा धूर माझ्या दारात सोडलास! डोळे आहेत की नाहीत तुला? तोंड फिरव त्या राहुटीचं!" तो बाहेर आला, चुकलो वहिनी म्हणाला, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तसाच उभा राहिला. ते लवकर संपलं नाही. त्याला घाई नव्हती.

पुढच्या शरदात व्यापाऱ्यांनी मर्वहून पत्र आणलं. चारशे बारा आत्म्यांबद्दल बिशपने देवाचे आभार मानले होते आणि आणखी किती वाढले ते विचारलं होतं. माहदादने उत्तर लिहिलं की तो आकडा यज्दीनबंधूंचा आहे. माझ्या हातून एका म्हातारीचा बाप्तिस्मा झाला, ती वारली, आणि जमल्यास कांद्याचं बियाणं पाठवावं. बियाणं आलं. त्यानंतर मर्वहून कुणी आलं नाही, पत्रही नाही. तो आणखी चौदा वर्षं जगला. गोंदलेल्या लोकांतले काही त्याच्याकडे येऊन विचारायला लागले, आधी आल्तुन, मग तिच्या बहिणी. सावकाश, एकेक, वर्षाला एखाद-दुसरं. उन्हाळे तसेच राहिले. पाच महिने नदी आणि तो, उजव्या भिंतीची ओळ आणि मग थांबणं.

तो एका उन्हाळ्याच्या शेवटी गेला. नेमका कधी ते कुणाला ठाऊक नाही. तळ खाली उतरला तेव्हा कांदे काढून सावलीत पसरलेले होते आणि तो राहुटीत पूर्वेकडे तोंड करून कुशीवर पडलेला होता. तोंगा तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता, गुडघे धरायला लागले होते, तरी त्याने कुदळ दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. शरदातली जमीन मऊ होती. दुपारच्या आत काम झालं.